बैलगाडी कधी चुकत नसे

शाळेत ‘आगगाडीचे फायदे’ असा निबंध लिहायला सांगितला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आगगाडीमुळे प्रवास जलद झाला. दुसरं वाक्य: आगगाडीमुळे देश जवळ आला. दोन्ही वाक्यांना गुण मिळतात आणि दोन्ही खोटी नाहीत. पण आगगाडीचं खरं कर्तृत्व त्यात सुटून जातं. वेगाची आपल्याला अगदीच ओळख नव्हती असं नाही. घोडा होता, सांडणीस्वार होता, उतारावर सुटलेला बैल होता. आगगाडीने आपल्या आयुष्यात जी गोष्ट पहिल्यांदा आणली ती म्हणजे उशीर. तिच्याआधी माणसं सावकाश जात, वाटेत थांबत, आजारी पडत, लुटली जात, कधी कधी पोहोचतच नसत. पण त्यांना उशीर होत नसे. उशीर व्हायचा तर आधी कुणीतरी परक्याने वेळ ठरवावी लागते, आणि आपण असलो काय नि नसलो काय, त्या वेळेला निघून जाण्याचा उद्धटपणा करावा लागतो. बैलगाडीला तो जमला नाही. ती माणूस बसल्यावर निघायची. बसलेला माणूस विसरलेला तांब्या आणायला परत घरात गेला, तांब्या शोधता शोधता सुनेला चार सूचना द्याव्यात असं त्याला वाटलं, तरी बैल आपले रवंथ करत उभे. बैलगाडी मोडली, रुतली, ओढ्यात कलंडली असे दाखले पुष्कळ सापडतील. बैलगाडी चुकली, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्याला जी पहिली गाडी सुटली तिचे आकडे आपल्याला पाठ असतात. 14 डबे, 400च्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही 3 इंजिनं, 21 तोफांची सलामी आणि 21 मैलांचा प्रवास. या सगळ्यात एका आकड्याची चौकशी कुणी करत नाही, तो म्हणजे सुटण्याची वेळ. दुपारी 3 वाजून 35 मिनिटं. मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशा सगळ्यांना स्वतंत्र शब्द आहेत. अपूर्णांकांचे इतके लाड करणारी भाषा, पण पस्तीस मिनिटांसाठी तिच्याकडे शब्द नाही. कारण पस्तीस मिनिटांशी तिचं कधी काही कामच पडलं नव्हतं. दिवस 60 घटकांचा आणि घटका 24 मिनिटांची. त्याहून बारीक पळं होती, विपळं होती, पण तो सगळा बारदाना जोशीबुवांच्या ताब्यात. घरातली आणि शेतातली वेळ तांबडं फुटणं, दिवस डोक्यावर येणं, दिवस कलणं, गुरं परतणं, दिवेलागण अशा खुणांनी चालायची. दिवस कासराभर वर येणं म्हणजे नेमकं किती, तर ज्याचा जेवढा कासरा तेवढं. ‘कासराभर दिवस वर आल्यावर ये’ असं सांगितलेला माणूस तासाभराच्या पट्ट्यात कधीही उगवला तरी तो वेळेवरच आलेला असे, आणि आल्यावर त्याला ‘घटकाभर टेका’ असं म्हणत, म्हणजे निदान दोन घटका तरी तो हलत नसे. अशा माणसाला एके दिवशी खिडकीच्या आतून कुणीतरी सांगितलं की गाडी 3 वाजून 35 मिनिटांनी गेली, आता छत्तीस झाली.

इथे कुणीतरी पंचांग पुढे करणार, आणि करायलाच हवं. लग्नाचा मुहूर्त पळाविपळापर्यंत काढणाऱ्या समाजाला वेळेची किंमत साहेबाने शिकवली म्हणायचं, हे जरा जास्तच झालं. घटिकापात्र आपल्याकडे होतं. पाण्याने भरलेल्या घंगाळात, तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. भोकातून पाणी वर चढत चढत वाटी बुडाली की घटका भरली. त्या वाटीवर डोळा ठेवून मंगलाष्टकं म्हटली जात. आक्षेप वजनदार आहे. पण मुहूर्त कितीही काटेकोर असला तरी तो काढणारा माणूस आपल्याच ओसरीवर बसलेला असे, आणि दक्षिणेला पात्र असे. वाटी बुडायला आली आणि नवरी अजून आतच, तर अष्टकं भराभर उरकता येत. सकाळचा मुहूर्त गेला तर गोरज होता. गोरजही हुकला तर पुढचा महिना कुठे पळाला होता? या सगळ्या सोयींचा कळस म्हणजे प्रस्थान. प्रवासाला निघायचा मुहूर्त सकाळचा आणि घरातली कामं तर उद्यापर्यंत उरकत नाहीत, अशी अडचण आली की मुहूर्ताच्या घटकेला तांदूळ-सुपारीची पुरचुंडी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. याला ‘प्रस्थान ठेवणं’ म्हणत. माणूस घरी पाटावर बसून आमटी ओरपतो आहे, पण शास्त्रापुरता तो निघालेला आहे. ज्यांनी ही युक्ती काढली त्यांना वेळेचं भान नव्हतं असं कोण म्हणेल? वेळेला चुकवायची शास्त्रोक्त वाट काढण्याइतकं ते पक्कं होतं. ही वाट आगगाडीने बंद केली. स्टेशनात सुपारी पाठवली म्हणून गार्ड शिटी वाजवायचा थांबत नाही. आणि पहिली गाडी सोडली तीसुद्धा शनिवारी, ज्या दिवशी घरात तेलही विकत आणत नाहीत. शनिवारी पूर्वेला दिशाशूळ, आणि ठाणं बोरीबंदराच्या ईशान्येला. म्हणजे शूळ अर्धं लागलं की पूर्ण यावर वाद घालता आला असता, पण तोवर गाडी ठाण्याला सुखरूप पोहोचली होती. त्या दिवसापासून पंचांगाला भाऊबंद मिळाला. वेळापत्रक हेही भविष्य सांगणारंच पुस्तक आहे, आणि खरं ठरण्याच्या बाबतीत ते थोरल्या भावाच्या फारसं पुढे गेलेलं नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. ‘उशीर’ हा शब्द काही रेल्वेने विलायतेहून आणलेला नाही, ‘वरातीमागून घोडं’ ही म्हण कोळशाच्या इंजिनाची वाट पाहत थांबली नव्हती, ‘बैल गेला नि झोपा केला’ हेही आपलंच. मान्य. पण या म्हणींमधला उशीर कशाच्या मागे पडला आहे ते पाहावं. घोडं वरातीच्या मागे पडलं, झोपा बैलाच्या मागे पडला. घोडं सात मिनिटांनी मागे पडलं असं कुठलीही म्हण सांगत नाही. हा उशीर माणसांच्या आणि घटनांच्या मागचा, दोन्ही डोळ्यांनी दिसणारा. घड्याळाच्या मागे पडण्याची कल्पना त्यात नाही. नव्या उशिराला म्हणूनच नवा शब्द लागला. मराठी माणूस ‘मला उशीर झाला’ म्हणतो, पण गाडीला उशीर झाला असं सहसा म्हणत नाही. गाडी ‘लेट’ असते. या दोन वाक्यांच्या व्याकरणात मोठा न्याय दडलेला आहे. उशीर माणसाला होतो, ताप यावा तसा, यात त्याचा काही दोष नसतो. लेट मात्र गाडी स्वतः असते, तो तिच्या चारित्र्याचा भाग आहे. आणि गाडी हुकली की आपण काय म्हणतो? ‘माझी गाडी चुकली.’ चुकली कोण, तर गाडी. मी बिचारा वेळेवर येतच होतो. साहेबाने वेळापत्रक लादलं खरं, पण मराठी व्याकरणाने पहिल्याच झटक्यात सगळी जबाबदारी इंजिनावर ढकलून दिली.

यावर असं म्हणतील की हा सगळा आपल्या आळसाचा गौरव चालला आहे, विलायतेत माणसं जन्मतःच वक्तशीर असतात. ते खरं नाही. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाला, 15 सप्टेंबर 1830 रोजी, विल्यम हस्किसन हे खासदार इंजिन पाणी घ्यायला थांबलं असताना रुळांवर उतरले आणि वेलिंग्टनच्या ड्यूकशी हस्तांदोलन करायला गेले. शेजारच्या रुळावरून ‘रॉकेट’ येत होतं. ते इतक्यात येईल असं त्यांना वाटलं नाही. रेल्वेच्या इतिहासातला हा पहिला गाजलेला अपघाती मृत्यू, आणि तो घोडागाडीच्या हिशेबाने आगगाडी मोजल्यामुळे झाला. पुढे इंग्लंडातही प्रत्येक गावाचा आपापला सूर्य होता. ब्रिस्टॉल लंडनच्या दहा मिनिटं मागे. रेल्वे लंडनच्या वेळेने धावू लागली तेव्हा ब्रिस्टॉलच्या लोकांनी बाजारातल्या घड्याळाला मिनिटाचा आणखी एक काटा बसवला: एक गावाचा, एक गाडीचा. ते घड्याळ आजही तिथे आहे. सगळ्या ब्रिटनची वेळ कायद्याने एक व्हायला 1880 उजाडलं. तेव्हा उशीर हा कुठल्या देशाचा स्वभाव नव्हे. रूळ जिथे गेले तिथे तो डब्याला जोडून गेला.

आपल्याकडे तर याचं नाटक फार रंगलं. मुंबईची घड्याळं मुंबईच्या सूर्यावर चालत. कलकत्त्याची कलकत्त्याच्या, तासाभराने पुढे. नागपूर मुंबईच्या पुढे साधारण एक घटका, पुणं चार मिनिटं, आणि पुणेकरांना त्याचं नवल वाटलं नसावं. रेल्वेने देशभर एकच वेळ धरायची ठरवली तेव्हा मुंबई आणि कलकत्ता यांपैकी कुणाची धरावी हा प्रश्न आला, आणि दोन मोठ्या जावांच्या भांडणात तिसरीच्या हाती किल्ल्या जाव्यात तशी मद्रासची वेळ निवडली गेली. मद्रास मध्यावर होतं, तिथे वेधशाळा होती, आणि तिथून रोज तारेने वेळ कळवता येत होती. मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे. आता याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. गावच्या घड्याळात साडेचार वाजता घरून निघालेला, पाचच्या गाडीला पावणेपाचला पोहोचलेला शहाणा मुंबईकर फलाटावर येतो तर गाडी पंधरा मिनिटांपूर्वी गेलेली. माणूस वेळेवर, गाडी वेळेवर, आणि तरीही उशीर! बैलगाडीच्या हजारो वर्षांत असा चमत्कार एकदाही साधलेला नव्हता. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावून पाहिली. शहर इतकं बिथरलं की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. 1906 मध्ये हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली, मुंबईच्या 39 मिनिटं पुढची, तेव्हा गिरणी कामगारांनी कामावर जायला नकार दिला. त्यांचं गणित चोख होतं: भोंगा 39 मिनिटं आधी वाजणार, म्हणजे झोप तेवढी कमी. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली तरी मुंबईत ‘बॉम्बे टाइम की स्टँडर्ड टाइम?’ असं विचारावं लागे. एका शहरात दोन वेळा नांदत असल्या की उशिरा येणाऱ्याची केवढी सोय होते, हे सांगायला नको.

इथे गिरणीचा भोंगा आलाच आहे, तर आणखी एक शंका निकालात काढू. मिनिटांची शिस्त गिरण्यांनी लावली, रेल्वेला फुकटचं श्रेय कशाला? भोंग्याचा आवाज गिरणगावापुरता. फार तर वाऱ्याच्या दिशेला अर्धा मैल जास्त. त्याने कामगाराची वेळ बांधली, त्याच्या गावाकडच्या चुलत्याची नाही. आगगाडीने चुलत्यालाही गाठलं. तो गाडीत बसणार नसला, जन्मात कधी बसला नसला, तरी बांधावरून जाणारी गाडी बघून ‘दहाची गेली, भाकरी सोडा’ म्हणू लागला. ज्या कोकणातून गिरण्यांत माणसं आली त्या कोकणात मात्र रेल्वे 1998ला पूर्ण पोहोचली, तोवर कोकणी माणसाने आगबोटीवर आणि एस.टी.वर उशिराचा सराव करून ठेवला होता.

उशीर आला तसं अंतराचं मापही बदललं. ‘पुणं किती लांब?’ या प्रश्नाला पूर्वी उत्तर मुक्कामांत मिळे. तीन मुक्काम, चार मुक्काम. मुक्काम म्हणजे नुसतं थांबणं नव्हे. कुणाची तरी ओसरी, एखादी विहीर, देवळाचा मंडप, तीन दगडांची चूल, त्या गावातली एखादी लांबची आत्या. नंतर उत्तर तासांत मिळू लागलं आणि मधल्या आत्या नकाशावरून पुसल्या गेल्या. हा बदल एका रात्रीत झाला नाही, आणि तो होत असतानाची एक जागा फार बघण्यासारखी होती. 1856 मध्ये मुंबईकडचे रूळ खोपोलीला येऊन थांबले. 1858 मध्ये वरचे रूळ खंडाळ्याहून पुण्याला गेले. मध्ये उभा बोरघाट, आणि तो फोडून रूळ जुळायला 1863 उजाडलं. 25 बोगदे, आणि कामावर हजारो माणसं गेली. मधली पाच वर्षं प्रवाशांना खोपोलीला उतरवून पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत घालून घाट चढवत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसवत. म्हणजे एकाच प्रवासात खोपोलीपर्यंत एकोणिसावं शतक, तिथून वर भोयांच्या खांद्यावर पेशवाई, आणि खंडाळ्यानंतर पुन्हा एकोणिसावं शतक. पालखीला वेळापत्रक नव्हतं. भोई दमले की ती टेकायची. एका बाजूला मिनिटं मोजणारं इंजिन वाफ सोडत उभं आणि दुसऱ्या बाजूला तंबाखू मळणारे भोई, यांच्यामध्ये अधांतरी लोंबकळणारा जो प्रवासी, तो मला त्या काळातला सगळ्यात मोठा तत्त्वचिंतक वाटतो. त्याला खालचं जग पाठीमागून ढोसत होतं आणि वरचं जग चिलीम संपेपर्यंत थांबायला सांगत होतं.

घाट झाला तरी त्याने आपला हिशेब सोडला नाही. 37 फुटांना 1 फूट असा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. ती लागेपर्यंत गाडी थांबते, आणि ती थांबते म्हणून कर्जतचा बटाटावडा. रेल्वेने नवा भूगोल घडवला तो असा. पूर्वी गाव ओळखलं जायचं ते किल्ल्यावरून, देवावरून, नदीच्या घाटावरून. रेल्वेनंतर ते ओळखलं जाऊ लागलं गाडी तिथे किती वेळ थांबते आणि तेवढ्यात खिडकीशी काय मिळतं यावरून. भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी ही नावं लाखो लोकांना माहीत आहेत, आणि त्या लाखोंपैकी बहुतेकांनी या गावांतलं फलाटापलीकडचं काहीही पाहिलेलं नाही. कर्जतला उभा राहून वडा खाणारा माणूस चव घेत नसतो, तो एक डोळा पिवळ्या चटणीवर आणि एक डोळा सिग्नलवर ठेवून असतो. जेवण आणि धास्ती यांचा असा संयोग मुक्कामाच्या काळात अशक्य होता.

पायी चालण्याचंही रेल्वेने काही वेगळंच करून टाकलं. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये द्रव्य मिळवायला उत्तरेकडे निघाले. बंडाच्या धुमश्चक्रीत सापडले, लुटले गेले, आणि गंगेची कावड घेऊन घरी आले. त्यांच्या पायी चालण्याचं कुणी कौतुक केलं नसणार, कारण चालणं हीच जाण्याची रीत होती. रूळ आल्यावर मात्र चालण्याला अर्थ आला. कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाइटची छोटी गाडी 1906 मध्ये जाऊ लागली. ज्याला विठोबाकडे फक्त पोहोचायचं होतं त्याची सोय झाली. तरीही आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालत जाणारे थांबले नाहीत. फरक एवढाच की पूर्वी वारकरी चालत जायचा, आता तो गाडी असताना चालत जातो. तिकीट न काढणं हे व्रत झालं. यावर कुणी म्हणेल की वारी तर शेकडो वर्षं एकादशीला अचूक पोहोचते, तिला घड्याळ कुठे लागलं? अगदी खरं, आणि म्हणूनच ती माझ्या बाजूची साक्षीदार आहे. तिथीला पोहोचायचं तर मागचा दमला म्हणून पुढचा थांबू शकतो. मिनिटाला पोहोचायचं तर नाही.

काहींनी मात्र रेल्वेकडून मिनिटांपेक्षा फार मोठ्या अपेक्षा केल्या. गाडी सुटली त्याच 1853च्या ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लिहिलं की रेल्वेतून उभे राहणारे उद्योग जातीव्यवस्थेचा पाया विरघळवतील. एका बाकावर सगळ्यांना दाटीवाटीने बसवलं की विटाळाला जागा राहणार नाही, हा तर्क देशातही अनेकांनी केला. विटाळाला जागा राहिली नाही हे खरं, पण त्याचं कारण समतेची ओढ नव्हतं. आंघोळ करून सोवळ्यात बसायला वेळ नव्हता. आपल्या लोकांनी तडजोड केली तीही वेळापुरती. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या दशम्यांना विटाळ होत नाही, या जुन्या सोयीला रेल्वेत बरे दिवस आले. घरी पोहोचल्यावर एक आंघोळ केली की डब्यातले सगळे शेजारी धुतले गेले. 1901 मध्ये नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे कोरेगावला जायला मसूर स्टेशनवर उतरले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. गाडीने त्यांना जात न विचारता आणलं होतं. निरोप वडिलांपर्यंत पोहोचला नव्हता, न्यायला कुणी आलं नव्हतं. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला, आणि दुप्पट भाडं देऊ केलं तरी बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचं, असं ठरलं. तेव्हा बैलगाडीची इतकी आरती ओवाळताना हेही सांगितलं पाहिजे: माणूस बसल्यावर निघणारी ही गाडी, बसणारा कोण आहे हे आधी विचारून घेत असे. आगगाडी कुणासाठी थांबत नसे, यात एक कोरडा न्यायही होता. तो फलाट संपला तिथे संपला.

रेल्वेवरचा सगळ्यात कडक आक्षेप गांधीजींचा. 1909 मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी रेल्वेला वकील आणि डॉक्टरांच्या पंगतीत बसवलं, तिने प्लेग पसरवला, दुष्काळ वाढवले, असं म्हटलं. हे हसण्यावारी नेता येत नाही. 1876 ते 1878च्या दुष्काळात धान्य भाव मिळेल तिकडे वाहून नेण्याचं काम रेल्वेने चोख केलं, आणि 1896 नंतर प्लेगच्या तपासणीसाठी बायाबापड्यांना स्टेशनांवर उभं केलं गेलं, ते रोग गाडीने फिरतो हे सरकारलाही कळलं होतं म्हणूनच. पण माझ्या मुद्द्याला पुस्तकापेक्षा ग्रंथकार जास्त उपयोगी आहे. ‘हिंद स्वराज’ लिहून झालं ते आगबोटीवर. पुढे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देश पालथा घालताना त्या वर्गाच्या हालांवर 1917 मध्ये त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आणि पंचाशिवाय फारसं काही अंगावर न ठेवणाऱ्या या माणसाच्या कमरेला काय लटकत होतं? घड्याळ. रेल्वे नको म्हणणारा देशातला सगळ्यात ठाम माणूस सेकंदाचाही उशीर खपवून घेत नसे. वाद तिथे संपतो असं नाही, पण इंजिन जिंकलं ते मात्र तिथे.

आता उरला तो आक्षेप जो हा लेख सुरू झाल्यापासून वाचकाच्या जिभेवर असणार: आमच्या गाड्या वेळेवर धावतात कुठे? पण लेट होण्यासाठी आधी वेळ असावी लागते. बैलगाडी दोन दिवसांनी आली तरी ती आलेली असते. गाडी दोन मिनिटांनी आली की फलाटावरची चारशे माणसं मनगटाकडे बघतात, त्यांतली कित्येक मनगटावर काही नसताना. पहाटेच्या गाडीसाठी आदल्या रात्रीच ट्रंक, वळकटी, कडी लावलेला डबा आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन स्टेशनावर येऊन झोपणाऱ्या कुटुंबाला आळशी कसं म्हणायचं? ज्याला मिनिटावर विश्वास नाही तो रात्रभराचं भांडवल घालून मिनिट विकत घेतो. आणि डबा लागला रे लागला की त्या कुटुंबातला एक जण खिडकीतून हात आत घालून बाकावर काहीतरी टाकतो. रुमाल असतो, टोपी असते, कधी नुसतं वर्तमानपत्र. माणूस अजून फलाटावर सामान मोजतोय, पण शास्त्रापुरता तो बसलेला आहे. ‘जागा धरली’ म्हणतात त्याला. शेजारच्या ओसरीवर ठेवलेली तांदूळ-सुपारीची पुरचुंडी ती हीच. फक्त ओसरी बदलली, आणि मुहूर्त आता फलाटावरचा कर्णा सांगतो.

तेव्हा बाकावर असा रुमाल दिसला तर तेवढा उचलू नका. धनी चहा घ्यायला उतरलाय. येईलच.